हॉट डेस्क: ऑफिसात आपली जागा कोणती?

आपल्या जळगाव-भुसावळकडची पोरं इकडे अमेरिकेत जॉबला यायच्या आधी पगार, व्हिसा, घरभाडं, सगळं खोदून खोदून विचारतात, पण ऑफिसात बसायचं कुठे हे कोणीच विचारत नाही. जॉइन व्हायच्या मेलमध्ये 'हॉट डेस्क' असं लिहिलेलं असतं, ते वाचून पुढे जातात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

हॉट डेस्क म्हणजे टेबल कोणाच्याच नावाचं नाही. अ‍ॅपवर बुक करायचं, जे मिळेल तिथे लॅपटॉप लावायचा आणि संध्याकाळी सगळं उचलून टेबल मोकळं करून जायचं. लोक बोलताना 'वी हॉट डेस्क' असंही म्हणतात, म्हणजे आमच्याकडे फिक्स जागा नाही. क्यूब वेगळा. क्यूब म्हणजे क्युबिकल, पार्टिशन लावून केलेला खण, सहा बाय सहा नाहीतर आठ बाय आठ फुटांचा, पण तो तुमचा असतो. 'स्टॉप बाय माय क्यूब' म्हणजे माझ्या जागेवर ये, बोलू. असे रांगेनं भरपूर खण असले की त्याला क्यूब फार्म म्हणतात आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत.

मी राहतो त्या मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स भागात फर्निचरचा धंदा जुना आहे, आणि क्यूबचा जन्मही इथलाच. जवळच झीलँड नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या हर्मन मिलर कंपनीसाठी रॉबर्ट प्रॉप्स्ट या माणसानं 'अ‍ॅक्शन ऑफिस' आणलं, पहिलं 1964 ला, आणि हलवता येणाऱ्या पार्टिशनचं दुसरं 1968 ला. एका मोठ्या हॉलमध्ये ओळीनं टेबलं लावून बसलेल्या माणसाला थोडा आडोसा मिळावा, भिंतीवर कागद लावता यावेत, उभं राहून पण काम करता यावं, हा त्याचा विचार. पार्टिशन मोकळ्या कोनात, 120 अंशात लावायची होती. पण कंपन्यांनी ती काटकोनात बसवली कारण तशी जास्त माणसं मावतात, आणि शिवाय इकडच्या टॅक्समध्ये ऑफिसच्या फर्निचरचा घसारा, म्हणजे झिजेपोटी खर्चात धरायची किंमत, 7 वर्षांत निघतो, इमारतीचा 39 वर्षांत, मग पक्की भिंत कोण बांधेल. प्रॉप्स्टला ह्याचं शेवटपर्यंत वाईट वाटत होतं. मला त्या माणसाबद्दल खरंच आदर आहे, त्यानं बसणाऱ्याचा विचार केला होता.

आता तर तो खणही चाललाय. 2020 नंतर माणसं अर्धा आठवडा घरूनच काम करायला लागली, टेबलं रिकामी दिसायला लागली, की कंपन्यांनी जागा कमी केली. हिशोब चूक नाही, पण मी हे आईला फोनवर सांगितलं तर ती लगेच, "मंग तू रोज बसस कोठे?" तिचं माहेर अमळनेरचं, काळजी वाटली की अहिराणीच निघते. आणि प्रश्न बरोबरच आहे तिचा.

नाना रेल्वेत गार्ड होते, भुसावळला. ड्युटी खंडव्याला संपली की तिथल्या रनिंग रूममध्ये झोपायचे, एक जण उठून गाडीवर गेला की चादर बदलून दुसरा त्याच खाटेवर. हॉट डेस्क हे नावही अशाच चालीवरून आलंय असं मानतात, जहाजावर खलाशी पाळीपाळीनं एकाच बंकवर झोपायचे, पहिला उठायचा तेव्हा गादी गरमच असायची. पण नानांची लाईन बॉक्स मात्र त्यांचीच होती. काळी लोखंडी पेटी, वर पांढऱ्या रंगानं नाव, आत लाल-हिरवे झेंडे, हातदिवा, धुक्यात रुळावर लावायचे फटाके, नियमांची पुस्तकं आणि कोपऱ्यात माईनं बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी. गाडी कुठली का असेना, ब्रेकव्हॅनमध्ये ती पेटी चढली की झालं नानांचं ऑफिस. खाट कोणाचीही असू दे, पण माणसाला कामाचं सामान ठेवायला स्वतःच्या नावाची एक जागा पाहिजे, हे रेल्वेला तेव्हा कळत होतं.

माझ्या मते हॉट डेस्कचा खरा त्रास टेबल बदलण्याचा नाहीच. नवीन पोरगा शेजारी बसलेल्या जुन्या माणसाकडून ऐकून ऐकून काम शिकतो, अन् रोज शेजारी बदलला तर तो विचारणार कोणाला, मान वर करून बघावं तर सगळे अनोळखी, हेडफोन लावलेले. काही ठिकाणी एका टीमला हॉलचा एक कोपरा ठरवून देतात, त्याला 'नेबरहुड' म्हणतात, टेबल फिक्स नसलं तरी माणसं तीच राहतात. हे खूप बरं.

म्हणून इंटरव्ह्यूच्या शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का असं म्हणाले की लाजू नका, बिनधास्त विचारा: सीट फिक्स आहे का, नसेल तर टीम एकत्र बसते का, मॉनिटर तिथे असतो का. आणि स्वतःच्या नावाचा लॉकर मिळतो का हे तर नक्कीच विचारा, कारण इथे बर्फाच्या दिवसांत जाड जॅकेट अन् बूट ठेवायलाच अर्धा लॉकर जातो.