संक्रांतीच्या संध्याकाळी घरोघरी जाणारी मुले

संक्रांतीच्या संध्याकाळी लहान मुले हातात डबा घेऊन तिळगूळ द्यायला आणि घ्यायला घरोघरी निघतात, ही प्रथा आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातल्या सोसायट्यांमध्ये अजून टिकून आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. ती टिकावी असे वाटते म्हणूनच या दिवसांत मुलांना कशापासून जपायला हवे, हे लिहीत आहे.

सर्वांत जास्त काळजी मला बोरन्हाणाची वाटते. रथसप्तमीपर्यंत घरोघरी चालणाऱ्या या सोहळ्यात बाळाच्या डोक्यावरून बोरे, हरभरे, उसाचे करवे, शेंगा आणि हलवा ओततात, आणि ते वेचायला जमलेली दोन-तीन वर्षांची मुले हाती येईल ते आधी तोंडात घालतात. या वयात दाढा पुरत्या आलेल्या नसतात आणि श्वासनलिका अरुंद असते, त्यामुळे शेंगदाणा किंवा बोराची आठळी घशात अडकायला एक हसणे किंवा एक धक्का पुरतो. चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात ते याचसाठी. माझ्या भाचीच्या मुलाच्या बोरन्हाणात आम्ही फुलांच्या पाकळ्या आणि वेष्टनातले राजगिऱ्याचे लाडू ओतले, बोरे व करवे सुपात ठेवून मोठ्या मुलांना वाटले, आणि सोहळ्याची शोभा मुळीच उणावली नाही.

मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे. आवाजच फुटत नसेल, तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा द्याव्यात. तेवढ्याने अडकलेले निघाले नाही, तर वर्षावरील मुलाच्या बेंबीच्या वर मागून कवेत घेऊन आत-वर असे पाच दाब आणि वर्षाखालील बाळाच्या छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच दाब द्यावेत. कोणी तरी तोवर १०८ ला फोन करावा. घशात आंधळेपणाने बोट घालू नये, कारण वस्तू आणखी खाली जाते. ठसका थांबून मूल शांत झाले, पण नंतर खोकला किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज राहिला, तर दाणा फुप्फुसाच्या नळीत उतरलेला असू शकतो; त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

दुसरी गोष्ट मांजाची. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो आपल्या जिल्ह्यात अजून सापडतो, आणि येवल्यात तर भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस आकाश पतंगांनी भरलेले असते. स्कूटरवर पुढे उभ्या केलेल्या मुलाचा गळा मांजाला सर्वांत आधी लागतो, म्हणून या दिवसांत मुलाला पुढे उभे करूच नये, शक्यतो दुचाकीवर नेऊच नये. नेणे भाग असेल तर मागे बसवून गळ्याभोवती जाड मफलर गुंडाळावा आणि वेग कमी ठेवावा.

जानेवारीत आपल्याकडे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि मुलांची फेरी नेमकी तेव्हाच रंगते. पार्किंगमध्ये मागे येणाऱ्या गाडीच्या चालकाला तीन फुटांचे मूल दिसत नाही, म्हणून प्रत्येक टोळीबरोबर एक मोठे माणूस असावे आणि ते कोण, हे आधीच ठरलेले असावे. दार उघडणाऱ्यांनीही तिळगूळ हातावर ठेवण्यापूर्वी तीळ किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे त्या सोबतच्या माणसाला विचारावे.