घोडीपासून ब्रिजपर्यंत : आमची वाटचाल

तंबोऱ्याची जवारी काढताना चाचा डोळे मिटून घ्यायचे. घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या, माथ्यावर कानस एकदाच हलकी फिरवायची, तार जागेवर आणायची, छेडायची, ऐकायची, पुन्हा बाजूला घ्यायची. माथा सपाट राहिला तर तार मुकी, उतार जास्त झाला तर आवाज कोरडा. तार घोडीला घासत घासतच सुटली पाहिजे, तीच जवारी; ती नेमकी साधायला शेवटी तारेखाली बारीक दोरा सरकवायचा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली. आज आमच्या दुकानात बेस गिटारी, म्हणजे जाड तारांच्या, खालच्या सुरांच्या गिटारी येतात, त्यांचं काम मी त्याच कानावर करतो. तंबोऱ्यात तारेचं घासणं आणायचं असतं आणि बेसमध्ये बहुतेक वेळा घालवायचं असतं. पण तार नेमकी कुठे लागतेय हे ऐकून ओळखणं दोन्हीकडे सारखंच.

पहिली बेस गिटार माझ्यासमोर आणली ती चर्चच्या गायनमंडळातल्या एका पोरानं. मिशन हॉस्पिटलमुळे मिरजेत ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांच्याकडे गिटार, कीबोर्ड घरोघरी दिसतात. तो म्हणाला, “दादा, सुरुवातीच्या पडद्यांवर नुसतं खर्र खर्र वाजतंय. कुणीतरी तारा वर घ्यायला सांगितलं, घेतल्या, आता बोटं सोलून निघतात.” मी पट्टी लावून बघितलं तर नेक, म्हणजे गिटारीची लांब दांडी, चक्क मागे वाकली होती, मधे उंच आणि दोन्ही टोकांना खाली. तारा कितीही वर घेतल्या तरी पहिल्या चार पडद्यांवरची खरखर जाणार कशी? आतला ट्रस रॉड थोडा सैल केला, एक रात्र तशीच ठेवली, सकाळी तारा पुन्हा खाली घेतल्या. पोरानं वाजवून बघितली आणि काही न बोलता पाऊण तास तिथेच वाजवत बसला.

ट्रस रॉड म्हणजे नेकच्या पोटातून गेलेली लोखंडी सळई. बेसच्या चार तारा मिळून नेकला सुमारे 80 किलोच्या जोरानं ओढत असतात. 1951 साली अमेरिकेतल्या लिओ फेंडर या गिटार बनवणाऱ्यानं प्रिसिजन बेस बाजारात आणली तेव्हा तारेची लांबी 34 इंच धरली, आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाच्या असतात. एवढ्या लांब लाकडावर एवढा ताण असला की हवा बदलली तरी ते हलतं. सळई त्या ओढीला उलटा जोर देते. नेक अगदी सरळही नको असते, पुढे किंचित झोळ हवा, कारण कंप पावणारी तार मधोमध सगळ्यात जास्त फाकते. पहिला आणि शेवटचा पडदा दाबून धरायचा, सातव्या-आठव्या पडद्यावर तारेखाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पत्र्याची पट्टी, सरकवायचं. गॅरेजवाले व्हॉल्व्ह बघायला वापरतात तेच. साधारण 0.30 ते 0.35 मिलिमीटर फट मिळाली की मी समाधानी असतो. मग सतराव्या पडद्यावर जाड तार अडीच मिलिमीटरच्या आत, बारीक तार दोनच्या आसपास. हे आकडे सुरुवातीचे. पुढे वाजवणाऱ्याचा हात किती जड आहे हे बघून ठरवायचं. म्हणून मी गिऱ्हाइकाला समोर बसवून दहा मिनिटं वाजवायला लावतो, आणि माझं लक्ष त्याच्या उजव्या हातावर असतं.

हे सगळं शिकताना एक नेक माझ्या हातून गेली. कोल्हापूरकडच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवणारे गृहस्थ, वयानं माझ्याहून मोठे, दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. गडबड होती. रॉड घट्ट होता, मी पाव फेऱ्यावर थांबून तारा सैल करायला हव्या होत्या. तसं न करता एलन कीला, म्हणजे रॉड फिरवायच्या षटकोनी चावीला, पाईप लावून जोर दिला. आतून कट्‌ असा आवाज आला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी त्यांना लगेच सांगितलं, माझी स्वतःची गिटार कार्यक्रमासाठी दिली, आणि दोन महिन्यांनी नवी नेक माझ्या खर्चानं बसवून दिली. तेव्हापासून दुकानात नियम आहे : पाव फेरा, मग थांबणं. रात्रभर थांबावं लागलं तरी थांबायचं. कार्यक्रम उद्या असेल तर रॉडला हात लावायचा नाही, सॅडलवर, म्हणजे ब्रिजवरच्या (बेसच्या घोडीवरच्या) तारेची उंची ठरवणाऱ्या तुकड्यांवर, जेवढं जमेल तेवढंच करायचं.

पेडलचं, म्हणजे पायानं चालू-बंद करायच्या आवाज बदलणाऱ्या डब्यांचं, काम माझ्या धाकट्या बहिणीचं. पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि दुकानातच बसायला लागली. बेसला खरखरीत, तापलेल्या अ‍ॅम्पसारखा आवाज हवा म्हणून पोरं गिटारवाल्याचं ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज फाडणारं पेडल, मागून आणायची आणि वैतागायची, बेसचा पायाच निघून जायचा. तिनं आयबानेझ कंपनीच्या हिरव्या ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्हचं सर्किट मांडून मला दाखवलं. त्यात 4.7 किलोओहमचा रेझिस्टर आणि 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी जोडी आहे, तिच्यामुळे सुमारे 720 हर्ट्झच्या खाली आवाज कमी कमी फुगवला जातो. गिटारला ते शोभतं, सोलो बँडमधून वर निघतो. बेसची सगळ्यात जाड, मोकळी ई तार मात्र 41 हर्ट्झवर आहे.

“मग कपॅसिटर मोठा घालू,” मी म्हणालो. तिनं 1 मायक्रोफॅरडचा घातला, हिशेब 34 हर्ट्झपर्यंत खाली आला. वाजवलं तर सगळा चिखल! खालचे सूर आधी फाटतात आणि वरचं सगळं गिळून टाकतात. तीन आठवडे तिनं हे-ते करून बघितलं. शेवटी बेसचा मूळ आवाज दोन वाटांनी नेला. एक वाट साफ, जशीच्या तशी. दुसरी वाट वरचा भाग फाडणारी. दोन्ही शेवटी एकत्र, आणि कुणाचं किती हे ठरवायला एक नॉब. बेसच्या चांगल्या पेडलमध्ये ब्लेंडचा नॉब असतो तो यासाठीच. तिनं केलेलं पहिलं पेडल अजून दुकानात आहे, वरती पेननं नावं लिहिलेलं, आणि विकत द्या म्हणणाऱ्या दोघांना तिनं नाही म्हटलंय.

पेडल घ्यायला आलेल्याला आम्ही आधी विचारतो, तारा कधी बदलल्या? सेटअप कधी केला? अर्ध्या वेळा पेडलचं काम नसतंच. आवाज दबलेला वाटतो तो दोन वर्षं घामात भिजलेल्या तारांमुळे. अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवरचं सर्किट असलेली, बेस फाटल्यासारखी वाजते ती 9 व्होल्टची बॅटरी उतरल्यामुळे, कारण केबल रात्रभर तशीच लावलेली राहिली. जुन्या तारांनीच गोड वाजतं असंही असतं म्हणा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन जाड फ्लॅटवाउंड (चपट्या, गुळगुळीत वेढ्याच्या) तारा बदलायचेच नाहीत, आणि त्यांच्यासारखा आवाज आजही लोक शोधतात. पण तो हवा म्हणून ठेवणं वेगळं आणि आळसानं राहणं वेगळं. विक्री कमी होते असं मित्र म्हणतात, होत असेल. ज्याचे चार हजार वाचले तो पुढच्या वेळी दुसऱ्या दोघांना घेऊन येतो, हे मी वहीत बघतो.

घूं आवाजाची तक्रार तर रोजची. आपल्या विजेचे 50 हर्ट्झ म्हणजे ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरच्या जी या सुराच्या अगदी शेजारी, म्हणून बेसवाल्याला ते जास्त छळतं. जॅझ बेस (फेंडरचीच दोन पिकअपची बेस) असेल तर दोन्ही पिकअपचे, म्हणजे तारेचा कंप टिपणाऱ्या चुंबक-वेटोळ्यांचे, व्हॉल्यूम सारखे उघडून बघा, घूं गेली तर पिकअप ठीक आहेत, त्यांची वेटोळी एकमेकांच्या उलट असतात. तारांना हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवून ती ग्राउंडला जोडावी लागते, अर्ध्या दिवसाचं काम. पण माइकला ओठ लागल्यावर चटका बसत असेल तर कृपा करून वाजवणं थांबवा. तो दोष गिटारीचा नाही, मांडवातल्या अर्थिंगचा आहे. बेसच्या तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात, तुम्ही एका हातानं त्या तारा धरल्यात आणि तोंड माइकला आहे, म्हणजे वीज तुमच्या अंगातून जाते. बहीण हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते आणि अर्थिंग तपासायचा साधा टेस्टर सोबत देते, त्याचे पैसे घेत नाही.

वही हे आमचं भांडवल. प्रत्येक बेसचं एक पान : आली त्या दिवशीचा झोळ, उंची, तारांचं माप, महिना, गाव. एकच बेस जूनमध्ये गोव्याहून आली आणि पुन्हा मार्चमध्ये आली, तर दोन्ही मापं शेजारी दिसतात. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की पडद्यांची टोकं कडेला बोटाला लागायला लागतात, पावसाळ्यात तीच गप्प. आता पुणे, बेळगाव, सावंतवाडीहून खोकी येतात. खोक्यात तारा अर्ध्या सैल करून नेकखाली कापड घाला, एवढं आधी फोनवर सांगतो.

गेल्या वर्षी पुण्याहून एकानं पडदे काढून फ्रेटलेस करायला बेस पाठवली. जॅको पास्टोरियस या अमेरिकन बेसवादकानं आपल्या जॅझ बेसवर फिंगरबोर्डला इपॉक्सी चढवलं होतं, तसंच त्याला हवं होतं. पडद्यांच्या खाचा लाकडाच्या पट्ट्यांनी भरल्या, चार हात इपॉक्सी, मग घासणं. झोळ जवळपास शून्यावर, नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा लाकडाला टेकायच्या बेतानं. सूर धरून बोट थोडं घासलं की तार लाकडावर अलगद लागते आणि आवाज उमलतो, “म्वा” म्हणतात त्याला. इथे मला घासणं घालवायचं नव्हतं, आणायचं होतं. तीन दिवस मी डोळे मिटूनच काम केलं.

चाचा आता फारसे बाहेर पडत नाहीत. छोटा अ‍ॅम्प आणि ती बेस घेऊन मी त्यांच्या घरी गेलो, जाड तारेवर एक लांब सूर धरला. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी ब्रिजवरून अंगठा फिरवला, नटवरून फिरवला, आणि विचारलं, “आणि दोरा कुठं घातलायस?”

मी सांगितलं, दोरा नाही, नेकचा झोळच तेवढा ठेवलाय. त्यांनी बेस मांडीवर आडवी घेतली आणि तार स्वतः छेडली. मग म्हणाले, “बारीक तारेला अजून थोडं उतरव.” मी घरी येऊन पाव फेरा सॅडल उतरवलं.