चार रविवार, दोन मुलं आणि रिकामी गव्हाणी

दिवाळीचा कंदील उतरतोय न उतरतोय तोच बाजारात सांताच्या टोप्या लटकायला लागतात. शाळेचा नाताळ सुट्टी लागण्याआधीच उरकलेला असतो, सोसायटीच्या गेटपाशी डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात झाड उभं राहतं. अशात मुलांना ‘नाताळ अजून आलेला नाही, आपण वाट बघतोय’ असं सांगायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसवून उपास करायला लावण्यातलाच प्रकार. तरी आम्ही घरात आगमनकाळ, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांचा वाट बघण्याचा काळ, पाळायचं ठरवलं, आणि आता तो चांगला अंगवळणी पडलाय.

माझं माहेर नगरचं, प्रोटेस्टंट. तिथे डिसेंबर म्हणजे संडे स्कूलच्या नाटकाच्या तालमी, रेव्हरंड टिळकांची भजनं आणि करंज्या-शंकरपाळ्यांचा फराळ. आगमनाचे रविवार पाळकसाहेबांच्या उपदेशात यायचे, घरी काही वेगळं नसायचं. सासर वसईचं, कॅथलिक. सासूबाईंच्या हिशेबात हे दिवस संयमाचे. या काळात लग्नं काढायची नाहीत, मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ग्लोरिया हे स्तुतिगीत गायचं नाही, फादरांचा झगा जांभळा. “नाताळ पंचवीसला सुरू होतो, पंचवीसला संपत नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सुरुवात मेणबत्त्यांच्या चक्रापासून केली. तीन जांभळ्या, एक गुलाबी, दर रविवारी एक जास्त पेटवायची. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाची. बाजारात जांभळी मेणबत्ती शोधत फिरण्यात अर्थ नाही. साध्या पांढऱ्या जाड मेणबत्त्या घ्यायच्या आणि खालच्या बाजूला त्या त्या रंगाची रिबीन बांधायची. परदेशी चित्रांत दिसणाऱ्या सूचिपर्णी फांद्यांऐवजी आम्ही किनाऱ्यावर गळून पडलेल्या सुरूच्या डहाळ्या आणतो. त्या आठवड्याभरात वाळतात आणि वाळलेला सुरू भुरकन पेट घेतो. म्हणून मेणबत्त्या पितळी परातीत मधोमध, डहाळ्या परातीच्या बाहेर.

ही प्रथा मुळात कुणाची, यावर आमच्याकडे गमतीचा वाद झाला होता. 1839 साली हाम्बुर्गमध्ये योहान हिनरिक विखर्न गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची. तेव्हा त्यांनी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या; रविवारच्या मोठ्या, बाकीच्या दिवसांच्या छोट्या. विखर्न लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट, म्हणजे कल्पना माझ्या माहेरच्या बाजूची! सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरं केलं त्यांनी. आता काडी पेटव.”

रात्री जेवणाआधी दिवे मालवायचे, मेणबत्ती लावायची, बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकातल्या दोन-चार ओळी वाचायच्या, एक गाणं म्हणायचं. दहा मिनिटांच्या वर नाही. त्याच्यापुढे धाकटा जमिनीवर लोळायला लागतो. भांडण होतं ते काडी कुणी पेटवायची आणि फुंकर कुणी मारायची यावरून. एकाने पेटवायची, दुसऱ्याने विझवायची, दुसऱ्या दिवशी उलट, एवढ्या एका नियमावर घरात शांतता टिकून आहे. चौथ्या आठवड्यात चारही मेणबत्त्या पेटतात तेव्हा त्यांची उंची पायऱ्यांसारखी उतरलेली असते. पहिली अगदी बुटकी, चौथी जवळजवळ कोरी. किती दिवस गेले हे मला सांगावंच लागत नाही, थोरली परातीकडे बघूनच हिशेब करते.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर सांगते. दुकानातली खिडक्यांची कॅलेंडरं एक डिसेंबरला सुरू होतात, आगमनकाळ मात्र तीस नोव्हेंबरच्या सगळ्यांत जवळच्या रविवारी. त्यामुळे तो दरवर्षी सारख्या लांबीचा नसतो. 2023 मध्ये चौथा रविवार चोवीस तारखेलाच आला. सकाळी आगमनकाळाची मिस्सा, रात्री नाताळची. तयार कॅलेंडर आणण्यापेक्षा आम्ही रिकाम्या काडेपेट्या दोऱ्याला अडकवतो आणि आत चिठ्ठ्या ठेवतो. ‘नगरच्या आजीला फोन कर’, ‘वॉचमनकाकांना चहा नेऊन दे’, असल्या. चॉकलेट फक्त रविवारच्या पेटीत.

खरी परीक्षा गव्हाणीची. गोठा मांडतो, पण गव्हाणी रिकामी. मुलांनी काही चांगलं केलं की त्यात पेंढ्याची एक काडी टाकायची, म्हणजे बाळ येशूसाठी मऊ बिछाना तयार होतो. ऐकायला छान. प्रत्यक्षात धाकट्याने दोन दिवसांत व्यापार मांडला. ताट उचललं, दोन काड्या. ताईला पेन्सिल दिली, तीन काड्या. थोरलीने त्याच्या काड्या मोजून आक्षेप नोंदवला. शेवटी नवऱ्याने तोडगा काढला: काडी कुणाला न दाखवता टाकायची आणि कशासाठी ते सांगायचं नाही. सांगितलं की काडी परत. त्यानंतर गव्हाणी भरण्याचा वेग एकदम मंदावला, पण सकाळी उठून ‘रात्रीत एक वाढली’ हे बघण्यात दोघांना जास्त मजा वाटायला लागली. त्यातल्या काही काड्या सासूबाईंच्या असाव्यात असा माझा दाट संशय आहे.

गोठ्याभोवतीच्या हिरवळीसाठी नाचणी पेरतो. रात्रभर भिजवून, पसरट मातीच्या थाळीत पातळ मातीवर दाट पेरायची, वर ओलं फडकं. कोंब दिसले की फडकं काढायचं आणि पाणी फक्त शिंपडायचं. पंधरा तारखेच्या आसपास पेरली तर चोवीसला बोटभर उंच, ताठ हिरवळ मिळते. फार आधी पेरली तर रोपं लोळतात. वाट बघणं म्हणजे काय, हे मुलांना माझ्या बोलण्यापेक्षा या थाळीने जास्त समजावलं असेल. ओरडून, रडून, आजीकडे तक्रार करूनही नाचणी लवकर वाढत नाही.

शेजारच्या काकूंचे मार्गशीर्षातले गुरुवार याच सुमारास असतात. त्यांच्याकडे घट, कहाणी, आमच्याकडे परात आणि यशया. “तुमचे किती झाले?” असं त्या जिन्यात विचारतात, मी रविवार सांगते, त्या गुरुवार सांगतात. त्यांची नात चिठ्ठ्या उघडायला आमच्याकडे, आमची पोरं प्रसादाला त्यांच्याकडे.

फराळ आधी करून ठेवतो, त्यात सगळ्यांचा हात लागतो. कलकल या नाताळच्या गोड तळणीच्या पिठाच्या गोळ्या काट्याच्या पाठीवर दाबून वळायचं काम मुलांचं. डबे मात्र चोवीसच्या रात्रीपर्यंत बंद. चव बघायला म्हणून वाकडे झालेले कलकल खायची मुभा आहे, आणि यंदा वाकड्यांचं प्रमाण संशयास्पद वाढलं होतं.

चोवीसला मध्यरात्रीच्या मिस्सेहून आलो की सगळ्यांत लहान हाताने बाळ गव्हाणीत ठेवायचं. बाळाच्या भेटीला निघालेले तीन राजे तोवर फ्रिजवर असतात. ते रोज थोडे पुढे सरकतात, फ्रिजवरून पुस्तकांच्या कपाटावर, तिथून टीव्हीच्या स्टँडवर, आणि सहा जानेवारीला गोठ्यात पोचतात. एक उंट गेल्या वर्षी सोफ्याखाली गेला तो फेब्रुवारीत सापडला. यंदा धाकट्याने त्याच्या मानेला दोरी बांधून ठेवली आहे.