बाजू बी, पहिली बारा सेकंदं

कुडाळात घरी बसून मी जुन्या ध्वनिफिती साफ करायचं काम करतो. गेल्या पावसाळ्यात डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यांच्या, साठेक कॅसेटी आल्या. निम्म्यांना बुरशी, बऱ्याच जणींची कव्हरं गायब. कुठली बारी कुठल्या बुवांची, पत्ता नाही. म्हटलं, कॉम्प्युटरच्या प्रोग्रामलाच गळ्यावरून ओळखू दे.

रीत जुनीच. आवाजाचे 25 मिलिसेकंदांचे तुकडे, दर 10 मिलिसेकंदांनी एक, आणि प्रत्येकातून एमएफसीसी नावाचे 13 आकडे. हे आकडे सूर सांगत नाहीत; घसा आणि तोंडाची पोकळी सुराला जो आकार देते तो सांगतात. निदान माझा तसा समज होता. नावं असलेल्या कॅसेटींवर प्रोग्राम शिकवला, त्याच कॅसेटींतले थोडे तुकडे बाजूला काढून परीक्षा घेतली. जवळजवळ पैकीच्या पैकी! तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळायला हवा होता.

त्यातल्याच एका बुवांना तीस वर्षं पखवाजाची साथ केलेले तात्या चहाला आले होते. बिननावाची एक कॅसेट लावली. पडद्यावर ठसठशीत उत्तर आलं: तात्यांचे बुवा. तात्यांनी बशी खाली ठेवली.

"ह्यो बुवांचो आवाज नाय रे. पेटी बुवांची, टेपरेकॉर्डर पण बुवांचो. त्या राती त्यांचो घसो बसललो, पुतण्या गायलो."

मला पटेना. गाणं सुरू व्हायच्या आधीची बारा सेकंदं तेवढी कापून दिली. टेपची खरखर, विजेची 50 हर्ट्झची गुणगुण, पेटीचा भाता ओढल्याची धाप. उत्तर? बुवा. तितक्याच खात्रीने.

म्हणजे माझा प्रोग्राम गळा ओळखतच नव्हता, बुवांचा टेपरेकॉर्डर ओळखत होता. या दुखण्याला 'अल्बम इफेक्ट' म्हणतात. यंगमू किम आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये त्यावर निबंधही लिहिलाय. मी तो वाचलेला होता, हे जास्त लागलं.

मग सगळं पुन्हा. ज्या कॅसेटवर शिकवायचं तिचा एकही तुकडा परीक्षेला नाही. पेटी आणि झांजा शक्य तितक्या काढून नुसता गळा. सेल उतरलेले असताना भरलेली कॅसेट आता जलद वाजते, सूर चढतो, आवाज कोवळा होतो. तो वेग 50 हर्ट्झची गुणगुण जागेवर आणून सुधारता येईल असं वाटलं, पण सेलवरच्या भरणीत विजेची गुणगुण येणार कुठून! तिथे तात्यांचा कानच. गुण धाडकन उतरले, पण आता ते खरे तरी होते. पुतण्या पुतण्या निघाला.

संध्याकाळी तात्या निघाले, पायरीवरून परत फिरले. "तां पयलां परत लाव बघू."

बारा सेकंदं वाजली. सातव्या सेकंदाला खरखरीआड कुणीतरी खोकलं.

"खोकलो मात्र बुवांचोच," तात्या म्हणाले आणि छत्री उघडली.