आवाज बेताचा

काही गाणी आपण सुरांसाठी ऐकत नाही, शब्दांसाठी ऐकतो. भाजी निवडताना मी हल्ली अशीच लावते, एकोणिसाव्या शतकातल्या लंडनची, सुसाट पळणारी. एक शब्द निसटला तर पुढची अख्खी ओळ हातची जाते. ही गाणी ज्याच्या गळ्यासाठी बेतली, तो जॉर्ज ग्रॉसमिथ रूढ अर्थाने गवई नव्हताच. ऑपेरा म्हटला की डोळ्यांसमोर भरदार छातीचा, खांबासारखा उभा राहून छत हादरवणारा बुवा येतो. हा होता किरकोळ अंगाचा, चपळ पायांचा, आणि आवाज अगदी बेताचा.

जन्म १८४७चा, लंडनचा. वडील 'द टाइम्स'साठी बो स्ट्रीटच्या पोलीस कोर्टाच्या बातम्या द्यायचे आणि संध्याकाळी व्याख्यानं देऊन लोकांना हसवायचे. मुलाने दोन्ही उद्योग उचलले. दिवसा कोर्टात बसून दारुडे, पाकीटमार, भांडकुदळ शेजारी यांच्या जबान्या टिपायच्या आणि रात्री पियानोपुढे बसून एकट्यानेच दहा माणसं उभी करायची. नकलाकाराला याहून चांगली शाळा कुठली मिळणार? माणूस खोटं बोलताना कुठे अडखळतो, हे रोज सकाळी समोर, तेही फुकट.

१८७७ साली शब्द लिहिणारा गिल्बर्ट आणि चाली बांधणारा सलिव्हन या जोडीने त्याला 'द सॉर्सरर' या नव्या ऑपेरात मुख्य विनोदी भूमिका देऊ केली. ग्रॉसमिथलाच शंका आली. या कामाला धिप्पाड देहाचा, दमदार आवाजाचा माणूस हवा, असं त्याने गिल्बर्टला सांगितलं. गिल्बर्टचं उत्तर असं की, "छे, तेच तर आम्हाला नकोय." दोघांचे ऑपेरा रंगमंचावर आणणारा पाठीराखा रिचर्ड डॉयली कार्ट, त्याच्या भागीदारांपैकी एकाने तर 'काय वाट्टेल ते करा, पण ग्रॉसमिथला घेऊ नका' अशी तारही ठोकली होती, असं ग्रॉसमिथने स्वतःच आठवणींत लिहून ठेवलंय. ती तार पाठवणाऱ्याचं पुढे काय झालं, हे जाणून घ्यायला मला फार आवडलं असतं.

भूमिका होती जादूगाराची, पण हा जादूगार दुकानदार. शाप, ताईत, वशीकरणाचं औषध, सगळा माल ठरल्या भावाने. ते औषध गावच्या मेजवानीत चहाच्या किटलीत घालतात. असा माणूस गडगडाटी आवाजात गायला असता तर गंमतच गेली असती. तो गिऱ्हाइकाला माल दाखवावा तसाच गायला हवा. ते ग्रॉसमिथला जमलं, आणि तिथून बारा वर्षं प्रत्येक नव्या ऑपेरात एक जागा त्याच्यासाठी राखलेली राहिली. समुद्राचा गंध नसलेला नौदलमंत्री, जगातलं सगळं माहीत पण युद्धशास्त्रात कच्चा मेजर जनरल, 'मिकाडो'तला मुंगी मारायला घाबरणारा फाशीवाला. मेजर जनरलसाठी तर त्याने त्या काळचा गाजलेला सेनापती वोल्सली याच्यासारखं रूप घेतलं होतं म्हणतात.

ही गाणी रचायची तऱ्हा बघण्यासारखी आहे. एका स्वराला एकच अक्षर. चाल बोलण्याच्या पट्टीतच घुटमळते, फार वर जात नाही, फार खाली येत नाही. वाद्यवृंद मागे दबक्या पावलाने चालतो. श्वास घ्यायला एवढीशी फट, ती हुकली की मेलात. 'कच्चा पापड, पक्का पापड' पाच मिनिटं, तालात, हसऱ्या चेहऱ्याने आणि शेवटच्या रांगेला स्पष्ट ऐकू जाईल असं म्हणून बघा.

माझं लाडकं आहे ते १८८२च्या 'आयोलँथी'तलं, झोप न येण्याचं. इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सलर, म्हणजे न्यायखात्यातला सगळ्यात मोठा माणूस, प्रेमात पडलाय आणि रात्रभर तळमळतोय. पांघरूण घसरतं, चादर हळूच अंगाखालून निघून जाते, ब्लँकेट टोचतं, उशी हात टेकते. पहाटे डोळा लागतो तर स्वप्न पडतं: आपण बोटीतून खाडी ओलांडतोय, बोट केवढी, तर समुद्रस्नानाच्या मोठ्या चाकांच्या खोलीच्या आणि आगगाडीच्या दुसऱ्या वर्गाच्या अगदी लहानशा डब्याच्या मधली. तिथे आपला वकील भेटतो, जरा बुटकाच दिसतो, म्हणतो, मी अकरा वर्षांचा आहे. आणि आपल्याला त्यात काही वावगंही वाटत नाही. मग बोटीची होते घोडागाडी, आणि शेवटी आपण सायकलवर, अंगात फक्त शर्ट आणि मोजे. स्वप्नाचं इतकं खरं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि हे सगळं एका दमात, जणू साक्षीदाराची जबानी.

तालमीत गिल्बर्ट महा खडूस. एका दृश्यात त्याच्याबरोबरची नटी जेसी बाँड ढकलायची आणि ग्रॉसमिथ गडगडत जायचा. गिल्बर्ट म्हणाला, हे बंद करा. "पण लोक केवढे हसतात!" "पोर्क पायवर, म्हणजे मांस भरलेल्या पेस्ट्रीवर, बसलात तरी हसतीलच." हा किस्सा इतक्यांनी सांगितलाय की थोडा घोटून गुळगुळीत झाला असणार, पण गिल्बर्ट असं बोलू शकतो यात शंका नाही. रंगमंचावर सराईत वाटणारा ग्रॉसमिथ पहिल्या प्रयोगांना मात्र भेदरून जायचा. 'मिकाडो'च्या पहिल्या रात्री तर ते प्रेक्षकांच्याही लक्षात आलं.

१८८९ साली त्याने हे ऑपेरा जिथे होत ते सॅव्हॉय थिएटर सोडलं आणि पुन्हा पियानो गाठला. इंग्लंडच नव्हे, अमेरिकेतही एकट्याचे कार्यक्रम गाजवले. त्याच सुमारास भाऊ वीडन याच्याबरोबर 'पंच' साप्ताहिकात एका सामान्य कारकुनाची काल्पनिक रोजनिशी लिहिली. १८९२ साली तिचं पुस्तक झालं. कारकून पूटर लाल रंगाचा डबा आणतो, दिसेल ते रंगवत सुटतो, न्हाणीतला टबसुद्धा. मग एके दिवशी कढत पाण्यात बसतो, रंग सुटतो, हात लाल होतो आणि त्याला वाटतं आपली धमनी फुटली. ते पुस्तक आजही छापलं जातं.

१९१२ साली फोकस्टनला तो गेला. त्याच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण असल्याचं ऐकिवात नाही. पण भूमिका त्याच्या मापाच्याच राहिल्या. १८८७ साली तो आजारी पडला तेव्हा विशीतल्या हेन्री लिटनने वेळ मारून नेली. हाच लिटन पुढे अनेक वर्षं ही कामं करून 'सर' झाला. त्याच्यानंतर मार्टिन ग्रीन, मग पीटर प्रॅट, मग जॉन रीड. डॉयली कार्ट कंपनी १९८२ साली बंद पडेपर्यंत त्या बेताच्या आवाजाची जागा अशी भरली जात राहिली.

त्यातला रीड मला जास्त आवडतो. ग्रीनची जीभ अधिक तल्लख असेल, पण झोप न आल्याचा वैताग रीडच्या गाण्यात खरा वाटतो.