आमची वाटचाल: आधी चॅसी, मग विंच

आमचं काम जुन्या पिकअपना इलेक्ट्रिक विंच (ड्रमवर दोर गुंडाळून अडकलेली गाडी ओढून काढणारं यंत्र) बसवण्याचं. सुरुवातीला क्रम ठरलेला असायचा: विंच निवडायची, तिच्या मापाची प्लेट कापायची, बंपरच्या मागे बसवायची आणि बॅटरीपासून दोन केबल ओढायच्या. आज तो क्रम बरोबर उलटा झाला आहे. आधी चॅसी, मग बॅटरी आणि अर्थिंग, मग पुढचं सस्पेन्शन, आणि विंच सगळ्यात शेवटी. नवी विंच क्वचितच दगा देते. दगा देतं ते तिच्याखालचं वीस-पंचवीस वर्षांचं लोखंड, नाहीतर तितकंच जुनं वायरिंग.

पहिलं हत्यार हातोडी. दोन्ही रेलची (चॅसीच्या दोन लांब लोखंडी तुळयांची) पुढची टोकं, बंपरच्या बोल्टांभोवतीचा भाग आणि टो-हुकची जागा ठोकून बघतो. शाबूत पत्रा खणखणतो, पोखरलेला बद्द वाजतो. पेटीच्या आकाराच्या बंद रेलमध्ये चिखल आत साचतो आणि गंज आतूनच खात येतो, त्यामुळे वरून रंग तुकतुकीत दिसला म्हणून फसायचं नाही. जिथे नाहीतरी बोल्टचं भोक पडणार आहे तिथे आधी ५ मि.मी.चं भोक पाडायचं, बारीक तारेचा आकडा आत अडकवायचा आणि पत्र्याची उरलेली जाडी मोजायची. मूळचा ३ मि.मी.चा पत्रा २ वर आला असेल, तर आम्ही विंच बसवत नाही. आधी रेलचं पुढचं टोक बदलायचं. गिऱ्हाईक नाराज होतं, पण यात तडजोड नाही.

कारण सोपं आहे. ८.८ ग्रेडचा एम१२ (१२ मि.मी. जाडीचा) बोल्ट आडव्या जोराखाली तुटायला सुमारे ४ टन भार लागतो, आणि आपण प्रत्येक रेलला असे चार लावतो. बोल्ट तुटत नाही. भोक लांबट होतं, मग बोल्ट सैल पडतो, मग धक्के बसायला लागतात आणि पत्रा फाटतो. म्हणून भोकं रेलच्या उभ्या बाजूला, मध्यरेषेजवळ पाडायची. वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला ड्रिल लावायचंच नाही, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथेच असतो. मागून ६ मि.मी.ची आधार-प्लेट हवी. बंद रेल असेल तर आरपार भोकात २५ मि.मी. बाहेरच्या व्यासाची जाड नळी घालायची, दोन्ही तोंडं रेलच्या पत्र्याशी समतल कापायची आणि गोल वेल्ड मारायचा. ही नळी नसली तर बोल्ट आवळताना पेटी चेपते. त्या वेळी बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण चेपलेला पत्रा बसत जातो आणि काही दिवसांत बोल्ट हाताने फिरतो. रेलवर आडवा लांब वेल्ड मात्र मारायचा नाही. त्याच्या कडेपासूनच तडा सुरू होतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि अल्टरनेटरची वायर काढून ठेवायची.

ओढ नेहमी सरळ समोर नसते. ती तिरकी गेली की भार एकाच रेलवर येतो आणि पुढची चौकट पिळवटते. त्यामुळे दोन रेलना जोडणारा आडवा पाइप किंवा चॅनेल शोभेसाठी नसतो. तो नसेल तर माउंट (विंचचा आधार) कितीही जाड करा, उपयोग नाही.

माउंटची प्लेट ६ मि.मी.ची, मोठ्या विंचला ८. विंचच्या पायांची चार भोकं बहुतेक मॉडेलमध्ये २५४ बाय ११४.३ मि.मी. या मापावर येतात आणि बोल्ट एम१०, ग्रेड ८.८. या टप्प्यावर बारकाईने बघण्यासारखी एक गोष्ट आहे. विंचची मोटर एका टोकाला, गिअरबॉक्स दुसऱ्या टोकाला आणि त्यांना जोडणारे फक्त दोन दांडे. म्हणजे विंचला स्वतःचा असा ताठपणा फारसा नाही. तो तिला प्लेटकडून मिळतो. वेल्डिंगने प्लेट वाकली असेल तर बोल्ट आवळताना विंचही तिच्याबरोबर पिळते आणि ड्रम जड फिरायला लागतो. म्हणून बोल्ट सैल असताना विंचचा क्लच (ड्रम गिअरपासून सोडवणारा खटका) मोकळा करून ड्रम हाताने फिरवून बघतो, आणि आवळल्यावर पुन्हा. फरक जाणवला तर चारी पायांखाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या बारीक पट्ट्या) घालून फट शोधायची आणि तिथे शिम (पातळ पत्री) द्यायची. नुसतं जोर लावून आवळलं तर विंच चालेल, पण रिकामी फिरतानाही जास्त अँपिअर खाईल आणि तापेल.

बोल्टच्या लांबीचंही तसंच. प्लेट पातळ आणि बोल्ट लांब असला की तो भोकाच्या तळाला टेकतो, पाना मात्र घट्ट लागल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात प्लेट धरलेलीच नसते, आणि आणखी जोर लावला की अॅल्युमिनियमचं हाउसिंग चिरतं. आधी प्लेटशिवाय बोल्ट हाताने पूर्ण आत फिरवून किती जातो ते मोजायचं, त्यातून दोन मि.मी. कमी करायचे, मग प्लेट आणि वॉशरची जाडी मिळवायची. तेवढाच बोल्ट. आवळणं ४५ न्यूटन-मीटरच्या आसपास.

आता वीज. तक्रारीची निम्मी कामं इथेच येतात. पूर्ण भाराखाली १२ व्होल्टची मोठी विंच ४०० अँपिअरच्या घरात ओढते. जुन्या पिकअपचा अल्टरनेटर ४५ ते ६० अँपिअरचा, तोही इंजिन फिरतं तेव्हा. म्हणजे विंच अल्टरनेटरवर चालत नाही, बॅटरीवर चालते. ३०० अँपिअरने एक मिनिट ओढलं की ५ अँपिअर-तास गेले. ते ४० अँपिअरने भरून यायला साडेसात मिनिटं लागतात, आणि आयडलवर त्याहून कितीतरी जास्त. विंच वापरताना इंजिन चालू आणि जरा वाढवलेलं ठेवायचं ते यासाठी. बॅटरी किमान ७० अँपिअर-तासांची, चांगल्या क्रँकिंगची (एकदम मोठा प्रवाह देणारी) हवी. चार वर्षं वापरलेली बॅटरी सेल्फ मारते, पण विंचला पुरत नाही.

केबलचा हिशोब हाताने करता येतो. दोन मीटर जायला आणि दोन मीटर यायला, असं चार मीटर तांबं धरलं तर ४०० अँपिअरला ५० चौ. मि.मी.च्या केबलमध्ये सुमारे ०.५६ व्होल्ट पडतात, २५ च्या केबलमध्ये १.१२ आणि १६ च्या केबलमध्ये १.७५. विंच गाडीच्या मागे बसवायची आणि केबल एका बाजूने सहा मीटर गेली, तर ५० ची केबलही १.६८ व्होल्ट खाते. तिथे आम्ही ७० किंवा ९५ ची घालतो, नाहीतर बॅटरीच मागे नेतो. लग (केबलच्या टोकाला बसणारी भोकाची टोपी) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून वर गोंदवाली स्लीव्ह. डाग दिलेले लग चालत नाहीत, तापल्यावर डाग सुटतो.

अर्थची केबल थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. चॅसीला नाही. जुन्या गाडीत चॅसी आणि इंजिन यांच्यामधली अर्थ-पट्टी काळी पडलेली, अर्धी तुटलेली असते. चारशे अँपिअरना तिथून वाट मिळाली नाही की ते दुसरी शोधतात: अॅक्सिलरेटरची तार, क्लचची तार, कधी स्पीडोमीटरची. ती तार लाल होते, प्लास्टिकचं अस्तर वितळतं आणि अॅक्सिलरेटर अडकतो. दोष मात्र त्या तारेवर काढला जातो. तपासायला विंच भाराखाली असताना मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर आणि दुसरं मोटरच्या निगेटिव्ह स्टडवर ठेवायचं. तिथे केबलच्या हिशोबाने यायला हवेत त्याहून जास्त व्होल्ट दिसले तर कुठेतरी जोड खराब आहे.

मोटरच्या स्टडवर दोन नट असतात. वरचा आवळताना खालचा पान्याने धरायचा. नाही धरला तर स्टड आतल्या आत फिरतो आणि कॉइलचा जोड तुटतो.

व्होल्टेज फार खाली गेलं की सोलेनॉइड (विंचचा मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा विजेचा स्विच) फडफडतो. फडफडताना ठिणग्या पडतात आणि कॉन्टॅक्ट चिकटून जातात. मग बटण सोडलं तरी विंच थांबत नाही. म्हणून पॉझिटिव्हमध्ये बॅटरीजवळ हाताने तोडायचा आयसोलेटर लागतोच, भाराखाली तोडता येईल असा आणि उभ्या माणसाच्या हाताला येईल अशा जागी. काम नसताना तो बंद. अपघातात केबल चिरली तर आगीपासूनही तोच वाचवतो. आणि २४ व्होल्टच्या गाडीला २४ व्होल्टचीच विंच. जोडीतल्या एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले की ती एक उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. रिमोटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वायरचा रिमोटही सोबत ठेवा, एवढंच.

वजन हा विषय गिऱ्हाईक सहसा काढत नाही. विंच, वायररोप आणि माउंट मिळून ७० किलो धरा. व्हीलबेस २.७ मीटर आणि विंच पुढच्या अॅक्सलच्या ०.८ मीटर पुढे असेल, तर पुढच्या चाकांवर ७० नव्हे, ९१ किलो वाढतात आणि मागची २१ किलोने हलकी होतात. पाटे आधीच सपाट झालेले असतील तर एक पान वाढवावं लागतं. टॉर्शन बार (पाट्यांऐवजी पिळावर स्प्रिंगचं काम करणारी दांडी) असेल तर तो पिळून गाडी वर घेता येते, पण अति पिळली तर अॅक्सलच्या सांध्यांचा कोन बिघडतो. हेडलाइट नंतर पुन्हा लावायचे. विंच रेडिएटरच्या समोर येत असेल तर मध्ये हवेला जागा सोडायची; जुना, अर्धा चोंदलेला रेडिएटर असेल तर तो आधी साफ.

एवढं झाल्यावर विंच. भरलेल्या गाडीचं वजन काट्यावर करायचं आणि दीडपट घ्यायची. २,८०० किलोला ४,२०० किलो, म्हणजे ९,५०० पौंडांची विंच (४,३०९ किलो) बसते. पण हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा. ड्रम ६४ मि.मी. व्यासाचा आणि दोर ९.५ मि.मी.चा असेल, तर दुसऱ्या थरावर सुमारे ३,४०० किलो उरतात, तिसऱ्यावर २,८०० आणि चौथ्यावर २,४००. अशा ड्रमवर पहिल्या थरात जेमतेम साडेपाच मीटर दोर मावतो. म्हणजे जवळच्या झाडाला आकडा अडकवला की निम्म्याहून थोडीच जास्त ताकद हातात असते. त्यापेक्षा पुली लावून दोर परत गाडीच्या टो-हुकवर आणावा: जास्त दोर बाहेर जातो, ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि अँपिअर उतरतात. मोटर सिरीज वाउंड (कायम चुंबकाऐवजी कॉइल असलेली) घ्या. परमनंट मॅग्नेटची हलक्या कामाला ठीक, पण सलग ओढताना लवकर तापते.

सिंथेटिक दोर हलका आणि तुटला तरी कमी धोक्याचा. पण ज्या विंचचा ब्रेक तिच्या दोराच्या ड्रमच्या आतच असतो, तिच्यावर भार धरून दोर सोडला तर ड्रम तापतो आणि ७० अंशांच्या पुढे हा दोर ताकद गमावायला लागतो. उतारावर गाडी सोडायचं काम जास्त असेल तर वायररोप, नाहीतर जिचा ब्रेक ड्रमच्या बाहेर आहे अशी विंच. वायररोपने ओरखडलेला फेअरलीड (दोर ज्यातून बाहेर पडतो ती पुढची चौकट) सिंथेटिकला वापरायचा नाही, दोन-चार ओढीत दोर फुलतो. आणि दोर ड्रमच्या खालच्या बाजूनेच सुटला पाहिजे. उलटा गुंडाळला तर बऱ्याच विंचचा ब्रेक धरतच नाही.

नवा दोर कारखान्यातून सैल गुंडाळून येतो. गाडी ताब्यात देण्याआधी तो सोडून, सौम्य चढावर गाडी स्वतःलाच ओढत वर येईल असा, दोनेकशे किलोच्या ताणाखाली पुन्हा गुंडाळतो. हे टाळलं तर पहिल्याच मोठ्या ओढीत वरचा फेरा खालच्या थरात रुततो आणि तिथून सुटत नाही. पूर्ण भाराची ओढ मिनिटभराच्या आत थांबवायची आणि मोटरला हात लावून बघायचं. हात ठेववत नसेल तर वाट बघायची. महिन्यातून एकदा क्लच मोकळा करून पाच मीटर दोर बाहेर काढून परत घ्यायचा. न वापरलेल्या विंचचा क्लच चिखलाने जाम होतो.

ड्रमवर दोराचं टोक धरणारा स्क्रू ओढ धरत नाही, ती धरते ती फेऱ्यांची पकड. म्हणून वायररोपचे किमान ५ फेरे आणि सिंथेटिकचे १० फेरे ड्रमवर राहिले पाहिजेत. वायररोपच्या तेवढ्या भागाला आम्ही लाल रंग देतो, सिंथेटिकमध्ये लाल दोरा ओवतो. लाल भाग ड्रमवरून सुटायला लागला की बटण सोडायचं.