हिरवे थेंब आणि माळ्यावरचा कॅन

कोकणातून परतताना करूळ घाटाच्या चढावर गाडीच्या तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. थांबत थांबत कसंबसं कोल्हापूर गाठलं. सकाळी बघतो तर बोनेटखाली फरशीवर हिरवे थेंब, आणि गल्लीतलं मांजर ते चाटायला टेकलेलं. चप्पल उगारून हाकललं.

थेंब कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असतं, तिथंच घात होतो. पोटात गेलं की शरीर त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल बनवतं, त्याचे कॅल्शियमसोबत खडे होतात आणि मूत्रपिंडं बंद पडतात. मांजराला चमचाभरही पुरतं. थेंबांवर लाकडाचा भुसा टाकला, गोळा करून पिशवीत बांधला.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी होज, म्हणजे कूलंटची रबरी नळी, चिरल्याचं दाखवलं आणि लगेच रेडिएटरचा खालचा नट सोडायला वाकले. खाली उघडं गटार.

"मामा, थांबा! घमेलं लावा आधी."

"अवो, पाणीच हाय की त्ये."

गटार नाल्याला, नाला पंचगंगेला. शिवाय जुन्या कूलंटमध्ये रेडिएटरच्या झिजेचं तांबं-शिसंही उतरलेलं असतं. मामांनी घमेलं लावलं, पण चेहरा 'हे कुठलं गिऱ्हाईक' असाच.

शेजारी म्हणाले, आपल्याकडं कुठं बर्फ पडतो, साधं पाणी ओता. पण कूलंट फक्त गोठू नये म्हणून नसतं. त्यानं पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, इंजिन आतून गंजत नाही.

मला कमी विषारी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं हवं होतं. चार दुकानं फिरलो. सगळीकडं एकच प्रश्न, "लाल देऊ का हिरवं?" रंगावरून रसायन कळत नाही. डब्यामागची मुंगीएवढी अक्षरं वाचली, तर सगळीकडं मोनोइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे तेच विषारी इथिलीन ग्लायकॉल. शेवटी गाडीच्या पुस्तकातला दर्जा जुळवून ऑनलाइन मागवलं. आठ दिवस रिक्षा, आणि भाव जास्तच. डिस्टिल्ड वॉटरनं आतलं दोनदा धुतल्यावर मामांनी नवं ओतलं. "जरा दाट हाय हे," बोटांत चोळत म्हणाले. खरंय, ते थोडं दाट असतं.

प्रॉपिलीन ग्लायकॉल माणसांच्या खाण्यातही थोडं चालतं. मांजरांच्या खाद्यात मात्र अमेरिकेत १९९६ पासून बंदी आहे, म्हणजे थेंब पुसायचं काम संपलेलं नाहीच. आणि नदीत गेलं तर तेही कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं.

जुनं कूलंट आणि धुवण घरी घेऊन आलो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, जुनं ऑइल घेतो, हे नाही. दोन्ही एकत्र केलं तर ऑइलही वाया जातं, म्हणून मीही आग्रह धरला नाही. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या मित्राच्या कारखान्यातून घातक कचरा रीतसर उचलला जातो. पण बाहेरचा माल त्यांना चालत नाही.

कॅनला काळ्या मार्करनं 'विष' लिहून, झाकण दोरीनं बांधून माळ्यावर ठेवलाय. आई रोज विचारते, "ते कधी जाणार?"